मजुरीच्या हिशेबाचं डेस्कटॉप ॲप : टीकिंटरच ठेवू की क्यूटी शिकू?

टॉवेलवाली_बीकॉम
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामाचा टॉवेलचा कारखाना आहे. शनिवारी पगारवाटप असतं. कामगाराने किती डझन काढले, दर काय, उचल किती घेतली, एवढाच हिशेब. तो सगळा एक्सेलमध्ये आहे. फॉर्म्युल्याच्या खान्यात कोणी चुकून आकडा टाइप केला की दिवाणजींची शुक्रवारची रात्र त्यातच जाते.

मी पायथन घरीच शिकले. हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला, उत्तरं बरोबर येतात. पण मामा म्हणाला, “त्या काळ्या पडद्यावर दिवाणजी टाइप करत बसणार होय?” म्हणून टीकिंटर घेतलं, म्हणजे पायथनसोबत येणारं खिडक्या-बटणं बनवायचं टूलकिट. खिडकी आली, बटणं आली. आता “पगार काढा” दाबलं की मागच्या सगळ्या एक्सेल फायली वाचून होईपर्यंत खिडकी पांढरी पडते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. दिवाणजी घाबरून परत परत बटण दाबतात.

शिवाय माझ्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स आहे, तिथे ‘क्षीरसागर’ तुटक दिसतं. ऑफिसच्या विंडोज ७ वर तेच नीट दिसतं. टीकिंटर सोडून क्यूटी हे दुसरं टूलकिट शिकू का? की सरळ सी शार्प ही दुसरी भाषाच?

पार्क_चौक_कोडर
ताई, डेस्कटॉपचा नाद कशाला? ब्राउझरमध्ये चालणारं करा, मामांना मोबाइलवर पण दिसेल. डेस्कटॉपच पाहिजे असेल तर इलेक्ट्रॉन, त्यात वेबपानाचंच डेस्कटॉप ॲप होतं.

व्हीबीवाले_काका
कोडरभाऊ, इलेक्ट्रॉन प्रत्येक ॲपसोबत अख्खं क्रोमियम ब्राउझर आणतं, आणि २३ व्या आवृत्तीपासून ते विंडोज ७ वर चालतच नाही. शनिवारी नेट गेलं म्हणून पगार थांबला तर कामगार तुम्हाला शोधत येतील.

ताई, व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ साली. त्यावर मी चाटी गल्लीतल्या दुकानांना बिलिंग करून दिलंय, त्यातली काही अजून चालू आहेत. म्हणून सांगतो, खिडकी पांढरी पडते ती टीकिंटरमुळे नाही. क्यूटीत पडेल, सी शार्पमध्येही पडेल. तुमचा मेनलूप म्हणजे गल्ल्यावर बसलेला माणूस. कोणी बटण दाबलं, कोणी खिडकी सरकवली, सगळ्यांना तो एकटाच बघतो. तुम्ही त्यालाच गोदामात माल मोजायला पाठवलंत, मग गल्ल्यावर कोण? फायली वाचायचं काम वेगळ्या थ्रेडला द्या, म्हणजे प्रोग्रॅममध्येच बाजूला काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला. त्या थ्रेडने लेबल-बटणाला हात लावायचा नाही. त्याने उत्तर क्यूमध्ये, म्हणजे रांगेत टाकायचं, आणि खिडकीने टीकिंटरचं ‘आफ्टर’ फंक्शन वापरून दर १०० मिलिसेकंदांनी क्यूत डोकवायचं. काम चालू असेपर्यंत बटण डिसेबल ठेवा, म्हणजे दिवाणजींनी कितीही दाबलं तरी हरकत नाही.

खरं तर दर आठवड्याला जुन्या फायली वाचायचं कारणच काय? एकदाच सगळं एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये भरा. ते पायथनसोबतच येतं, वेगळा सर्व्हर लागत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. दशांशात ठेवलीत तर कधीतरी एका पैशाचा फरक निघेल आणि तो शोधण्यात तुमची पण शुक्रवारची रात्र जाईल.

आता माझ्या मते जे खरं काम आहे ते. टूलकिट निवडण्याआधी दिवाणजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि त्यांचे हात बघा. डाव्या हाताचं बोट वहीतल्या ओळीवर, उजवा हात नंबरपॅडवर. माऊसला तिसरा हात आणायचा कुठून? आमच्याकडची मुलं रंगीत बटणं लावतात, कॅलेंडर लावतात, आणि एक आकडा भरायला माणसाला माऊस पकडायला लावतात. एंटर दाबला की पुढच्या खान्यात गेलं पाहिजे. टीकिंटरमध्ये एंटरला फोकस (कर्सर) पुढच्या खान्यात नेणारं फंक्शन बाइंड करा, म्हणजे जोडा. टॅबचा क्रम तुम्ही खाने ज्या क्रमाने तयार केलेत तसा असतो, म्हणून ते वहीतल्या रकान्यांच्या क्रमानेच तयार करा. प्रत्येक ओळीला “नक्की सेव्ह करायचं का?” विचारू नका, तिसऱ्या ओळीपासून ते न वाचताच एंटर दाबतील. त्यापेक्षा शेवटी एकूण डझन दाखवा, ते वहीच्या बेरजेशी ताडून बघतील. ती सवय त्यांना आहेच.

अजून एक. त्यांनी सवयीने ‘१२’ देवनागरीत टाइप केलं तरी चालेल, मजकुराचा आकडा करणारं पायथनचं इंट ते बरोबर वाचतं.

आणि टीकिंटरच ठेवा. उबुंटूवर टीकिंटरच्या मागे असलेल्या टीके ८.६ ला देवनागरी जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. विंडोजवर ते काम विंडोज करतं, म्हणून तिथे नीट दिसतं. ॲप विंडोजवरच चालणार असेल तर तेवढ्यासाठी क्यूटी शिकायला नको.

टॉवेलवाली_बीकॉम
काका, थ्रेड आणि क्यू लावलं. खिडकी आता पांढरी पडत नाही! पण पगाराची चिठ्ठी छापायची कशी? टीकिंटरमध्ये प्रिंट सापडतच नाही. आणि आमचे निम्मे कामगार तेलुगू बोलणारे, चिठ्ठीवर नाव तेलुगूत पण द्यावं म्हणते. जुन्या एक्सेलमधली काही नावं तर माझ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात.

व्हीबीवाले_काका
टीकिंटरमध्ये छपाई नाहीच. चिठ्ठी एचटीएमएल फाइलमध्ये लिहा, ब्राउझरमध्ये उघडा, तिथून प्रिंट द्या. जोडाक्षरं तोच जुळवेल. विंडोज ७ वर मराठीला मंगल, तेलुगूला गौतमी हे फॉन्ट असतात. दोन्ही लिप्या एकाच फॉन्टात देणारा निर्मला यूआय विंडोज ८ पासून आला. खिचडी दिसणारी नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेली आहेत. ती कन्व्हर्टरमधून काढा, मग दिवाणजींकडून एकेक वाचून घ्या. रफार हमखास चुकतो.

जुना_बाजार_डेव्ह
एक्सई (विंडोजवर थेट चालणारी प्रोग्रॅमची फाइल) करताना लक्षात ठेवा : विंडोज ७ वर चालणारी शेवटची पायथन आवृत्ती ३.८. एक्सई बनवणारं पायइन्स्टॉलर उबुंटूवर चालवून विंडोजची एक्सई मिळत नाही, ऑफिसच्या मशीनवरच बनवा. आणि एकच फाइल करायच्या मागे लागू नका. ती उघडायला वेळ लागतो आणि अँटिव्हायरस तिच्यावर उगाच संशय घेतो. अख्खा फोल्डर द्या, डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवा. एसक्यूलाइटची फाइल मात्र त्या फोल्डरबाहेर ठेवा, नाहीतर नवी आवृत्ती टाकताना जुन्या फोल्डरसोबत सगळी मजुरी पण डिलीट व्हायची.