सासू-सासऱ्यांना महोगनी फ्लॅटवर मुक्कामाला न्यावं का? (डेथ व्हॅली)

ओंजळ:
आम्ही कॅलिफोर्नियात अर्वाइनला राहतो. साताऱ्याहून सासू-सासरे आलेत. दोघंही पासष्टीच्या पुढचे, पण चालायला खणखणीत. सोबत आठ वर्षांचा मुलगा. ऑक्टोबरात सोमवार जोडून दोन रात्री डेथ व्हॅली नॅशनल पार्कात, डोंगरावरच्या महोगनी फ्लॅट कॅम्पग्राउंडला तंबू टाकायचा विचार आहे. गाडी साधी सेडान. सासऱ्यांनी तरुणपणी वासोटा, सज्जनगड सगळं केलंय, त्यामुळे ते म्हणतात, "डोंगरात पाणी मिळतंच कुठेतरी." मला धाकधूक आहे. कोणी राहून आलंय का?

कातळकडा:
ताई, मी राहून आलोय, पुन्हा जाणारही आहे. पण तुमच्या मंडळींना घेऊन तिथे मुक्काम करू नका.

सगळ्यात आधी पाणी. वर नळ नाही, झरा नाही, टाकं नाही. हरिश्चंद्रगडावर टाकी असतात, पायथ्याला पाचनईत पिठलं-भाकरी मिळते. त्या भरवशावर वाढलेल्या माणसाला हा डोंगर समजायला वेळ लागतो. तिथल्या पनामिंट डोंगररांगेत वरपर्यंत झाडी दिसते म्हणून पाणीही असेल असं वाटतं, पण तसं नाही. माणशी दिवसाला किमान ४ लिटर धरा. पाच जणांचे तीन दिवसांचे ६० लिटर झाले, स्वयंपाक आणि भांडी वेगळी. सगळं खालून गाडीत भरून न्यायचं.

दुसरं, गाडी. वाटेतल्या जुन्या कोळशाच्या भट्ट्यांपर्यंत सेडान जाते, शेवटचा थोडा रस्ता खडीचा आहे. तिथून पुढे चढ, दगड, खड्डे. उंच चाकांची गाडी हवीच, अगदी वरच्या टप्प्याला बहुतेक वेळा फोर-व्हील लागते. मोबाइलला रेंज नाही. तिथे टायर फाटला तर आजी-आजोबांना घेऊन किती वेळ बसाल?

तिसरं, उंची. महोगनी फ्लॅट सुमारे ८,२०० फुटांवर आहे, कळसूबाईच्या दीडपट. समुद्रकाठच्या घरातून निघून त्याच रात्री तिथे झोपलात तर डोकं दुखणं, झोप न लागणं हे धडधाकट माणसालाही होतं. शिवाय दर हजार फुटांना तापमान साधारण २ ते ३ अंश सेल्सियसने उतरतं. खाली दरीत फर्नेस क्रीकला दुपारी घाम निथळत असेल, वर पहाटे कानटोपी लागेल.

मी काय करेन ते सांगतो. तंबू त्याच रस्त्यावर खाली असलेल्या वाइल्डरोझ कॅम्पग्राउंडला टाका. ४,१०० फूट, वर्षभर उघडं, सेडान आरामात पोचते, टेबलं आणि संडास आहेत. नळाला पाणी कधी असतं, कधी नसतं, तेव्हा तिथेही स्वतःचंच न्या. जागा आधी राखता येत नाही, शुक्रवारी दुपारी पोचा. निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर रस्ता उघडा आहे का ते बघा. तिथले रस्ते पुराने वाहून जातात.

सकाळी भट्ट्या बघायला जा. दहा दगडी घुमट, प्रत्येक २५ फूट उंच. १८७७ साली मोडॉक कंपनीने बांधले. पिनियन (एक प्रकारचा पाइन) आणि जुनिपर या झाडांची लाकडं आत रचून जाळायची आणि तो कोळसा पश्चिमेला अर्गस डोंगरातल्या चांदी-शिशाच्या खाणींना पाठवायचा. थोडीच वर्षं चाललं हे, पण आत उभं राहिलं की अजून धुराचा वास येतो. मुलाला आत टाळी वाजवायला सांगा.

आणि सासूबाईंना पिनियनची झाडं नक्की दाखवा, आपल्या चिलगोज्याची नातलग. इथले मूळ रहिवासी टिंबिशा शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या शरद ऋतूत त्यांच्या बिया गोळा करत आलेत. सरपण मात्र पार्कात कुठेही वेचायचं नाही, खाली पडलेली काटकीसुद्धा.

उजाड_माळ:
वरच्या सगळ्याला दुजोरा. सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी असेल तर उंचीबद्दल डॉक्टरांना आधी विचारून घ्या. तारीख अमावस्येजवळ येत असेल तर रात्री जागा. आकाशगंगा वाइल्डरोझवरूनही लख्ख दिसते.

ओंजळ:
धन्यवाद दोघांना. वाइल्डरोझ ठरलं. सासऱ्यांना वाचून दाखवलं, आता तेच पाण्याचे कॅन मोजताहेत. यजमानांना तिथलं टेलिस्कोप पीक हे शिखर करायचंय. आणि वरण-भात शिजेल ना तिथे?

कातळकडा:
तूरडाळ उघड्या पातेल्यात नेऊ नका. ४,००० फुटांवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ बोटचेपी व्हायला गॅस फार जातो. तीन लिटरचा छोटा कुकर न्या, नाहीतर मूगडाळीची खिचडी करा.

टेलिस्कोप पीक ११,०४९ फूट. वाट महोगनी फ्लॅटपासून सुरू होते, एका बाजूने ७ मैल, ३,००० फूट चढ. त्यांनी एकट्याने जाऊ नये, आणि तुमची सेडान त्या वाटेच्या तोंडाशी पोचणार नाही. भट्ट्यांपाशी गाडी लावून चालत गेले तर जाऊन-येऊन आणखी चारेक मैल वाढतात. त्यापेक्षा भट्ट्यांसमोरूनच वाइल्डरोझ पीकची वाट निघते, ९,०६४ फूट, एका बाजूने ४.२ मैल. माथ्यावरून खालचं मिठाचं मैदान दिसतं. ते करा म्हणावं, सकाळी सातला निघून, माणशी ४ लिटर पाठीवर घेऊन.