राजाने ऐकलं नाही, मग सगळं शहर का जळलं? (यिर्मया वाचतोय)

कोपरी_वाचक:
नमस्कार मंडळी, जुन्या करारातले संदेष्टे वाचायला घेतलेत, ऑफिसला जाताना लोकलमध्ये जेवढं होईल तेवढं, आणि यिर्मयापाशी अडकलोय. देवाचं ऐकलं नाही की तलवार, दुष्काळ, मरी, हे सारखं येतं. शौल राजाचं समजतं. अमालेकांची जनावरं मारायची होती, त्याने यज्ञाचं नाव सांगून चांगली चांगली ठेवून घेतली, शमुवेल संदेष्ट्याने तोंडावर सुनावलं की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, राज्य गेलं. पण इ.स.पू. ५८६ ला यरुशलेम पडलं तेव्हा सिद्कीया राजासोबत अख्खं शहर उपाशी मेलं, हा न्याय कसा? की हरल्यावर लोकांनी मनाची घातलेली समजूत? मनापासून विचारतोय, कोणाची श्रद्धा दुखवायची नाहीये.

नेरूळ_इतिहास:
राजकारण बघितलं तर सरळ आहे, सिद्कीयाला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने, नबुखद्नेस्सरानेच गादीवर बसवलं होतं, तो इजिप्तच्या भरवशावर फिरला आणि बाबेलचं सैन्य आलं. पण नुसती हरल्यानंतरची समजूत मला पटत नाही. आधीचा संदेष्टा आमोस बघा, त्याच्या काळात इस्राएलच्या उत्तरेच्या राज्यात पैसा खेळत होता, श्रीमंतांची हस्तिदंती घरं होती, आणि हा तेव्हाच ओरडतोय की गरिबाला एका जोड्यासाठी विकता, माप लहान करता, तुमचे सण मला नकोत. त्या राज्याची राजधानी शोमरोन पडली नंतर, इ.स.पू. ७२२ च्या सुमारास.

ठाण्याची_बेने_इस्राएल:
दादा, यिर्मयाचा ३४ वा अध्याय नीट वाचा, माझ्यासाठी सगळं तिथे आहे. वेढा पडल्यावर घाबरून सिद्कीयाने लोकांशी करार केला की आपल्या हिब्रू दास-दासींना सोडायचं. सातव्या वर्षी सोडा हे नियमशास्त्रात आधीच होतं, कोणी पाळत नव्हतं. सोडलं. मग इजिप्तची फौज निघाली म्हणून बाबेलवाले वेढा उठवून गेले, आणि ह्यांनी काय केलं तर त्याच माणसांना परत धरून आणलं!! तेव्हा यिर्मया म्हणतो, तुम्ही भावाला मोकळं केलं नाहीत, आता मी तुम्हाला मोकळं करतो, तलवारीसाठी, मरीसाठी, दुष्काळासाठी. म्हणजे एकटा राजा नाही हो, घराघरातले मालक होते त्यात, सरदार, याजक सगळे.

आणि शिक्षा ठरली म्हणजे ठरली असंही नसतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू, ठाण्याच्या आमच्या सिनेगॉगमध्ये (१८७९ चं आहे) योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, योना संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात. त्यात निनवे शहराला चाळीस दिवसांची मुदत होती, लोक वळले, शहर वाचलं. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास आम्ही अजून धरतो, जुनी माणसं त्याला बिरड्याचा सण म्हणायची.

कोपरी_वाचक:
ताई, ३४ आज वाचला, अंगावर आला. पण योना देवाची आज्ञा टाळून जहाजातून पळाला आणि त्याच्यामुळे वादळ आलं, तेव्हा खलाशांचा काय दोष होता? तसंच परत धरून आणलेल्या त्या दासांचं, वेढा परत पडल्यावर आधी भूक त्यांनाच लागली असणार ना? मालकाच्या पापाचं ओझं दासावरच?

ठाण्याची_बेने_इस्राएल:
हो, लागली असणार, आणि हे मला पण टोचतं, त्यावर गोड उत्तर माझ्याकडे नाही. यहेज्केल संदेष्टा बाबेलात बंदिवासात बसून १८ व्या अध्यायात म्हणतो की बापाच्या पापासाठी मुलगा मरणार नाही, म्हणजे तुमचा प्रश्न तिथल्या लोकांनीही विचारलेलाच होता. खलाशी मात्र वाचले, योनाला स्वतःहून समुद्रात टाका म्हणावं लागलं. आता यिर्मयाचा ३९ वा अध्याय वाचा, दहावं वचन चुकवू नका. शहर जाळून झाल्यावर, राजाचे डोळे काढून त्याला नेल्यावर, बाबेलचा सरदार ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा गरिबांना यहूदातच, म्हणजे सिद्कीयाच्या त्या राज्यातच ठेवतो आणि त्याच दिवशी त्यांना द्राक्षमळे आणि शेतं देतो.