लिमरिक : खाडी, शहर आणि पाच ओळींची कविता

‘लिमरिक’ म्हटले की मराठी वाचकाला बहुधा पाच ओळींची गमतीदार कविता आठवते. परंतु हे मुळात आयर्लंडच्या पश्चिमेकडील, शॅनन नदीकाठच्या एका शहराचे नाव आहे, आणि शहराच्याही आधी ते त्या नदीच्या खाडीचे नाव होते.

आयरिश भाषेतील त्याचे रूप साधारणपणे ‘लिम्न्यख’ असे उच्चारले जाते. त्यातील ‘लोम’ म्हणजे उघडा, बोडका. त्याला स्थळवाचक प्रत्यय लागून ‘उजाड जागा’ असा अर्थ होतो, असे सामान्यतः मानले जाते. मध्ययुगीन आयरिश स्थळकथा मात्र वेगळेच सांगतात. दोन वीरांची झुंज पाहायला जमलेल्या लोकांचे झगे भरतीच्या पाण्याने वाहून नेले आणि सारी खाडी झग्यांनी झाकली गेली. झग्याला ‘लुम्मन’ म्हणतात, म्हणून हे नाव पडले, अशी ती कथा आहे. आपल्याकडील स्थळमाहात्म्यांप्रमाणे येथेही नाव आधीचे आणि कथा मागाहूनची असणार, त्यामुळे व्युत्पत्ती म्हणून ती मला स्वीकारता येत नाही. तरीही तिचे मोल मोठे आहे, कारण कथाकारांच्या मनात हे नाव जमिनीचे नसून पाण्याचे होते, हे तिच्यातून स्पष्ट दिसते.

दहाव्या शतकात येथे व्हायकिंगांनी ठाणे वसवले. त्यांच्या नॉर्स भाषेत नावाचे ‘ह्लिमरेक’ झाले. आयरिश रूपात ‘र’ नाही आणि इंग्रजी रूपात तो आहे, याचा उलगडा या नॉर्स उच्चारातून होतो.

पुढे शहराच्या नावावरून इतर प्रयोगही रूढ झाले. आयर्लंडमधील युद्ध संपवणारा 1691 चा लिमरिकचा तह आयरिश इतिहासात सुपरिचित आहे. 1829 पासून तेथे तयार होऊ लागलेली ‘लिमरिक लेस’ ही खरे तर यंत्रावर विणलेल्या जाळीवरचे भरतकाम आहे.

कवितेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इंग्रज कवी एडवर्ड लिअर यांच्या 1846 च्या संग्रहामुळे हा प्रकार लोकप्रिय झाला, पण त्यांनी त्याला लिमरिक म्हटले नव्हते. कवितेसाठी हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळले. मैफलीत प्रत्येकाने रचलेल्या कडव्यानंतर सर्वांनी मिळून ‘लिमरिकला येणार का’ अशा आशयाचे ध्रुपद म्हणण्याची प्रथा होती, त्यावरून हे नाव पडले, असे एक मत आहे. दुसरे मत लिमरिक परगण्यातील मेग नदीकाठच्या अठराव्या शतकातील आयरिश कवींकडे बोट दाखवते. मला पहिले मत अधिक पटते, कारण कवितेत शहराचे नाव प्रत्यक्ष कसे शिरले हे त्यातून समजते, तर दुसऱ्या मतातून फार तर छंदाचे साम्य हाती लागते.