गोव्याचा उन्हाळा आणि घरचे फळांचे लिंबू सरबत : आपापले अनुभव लिहावेत

चैत्र लागला तरी गोव्यात पारा ३३-३४ अंशांच्या आसपासच राहतो, विदर्भातल्यासारखा तो चाळिशी ओलांडत नाही. मात्र खाऱ्या वाऱ्याच्या दमटपणामुळे अंगावरचा घाम वाळत नाही, आणि दुपारी तीनच्या सुमारास पंख्याखाली बसूनही जीव कासावीस होतो. अशा वेळी लिंबू सरबत घरोघरी होतेच. याच दिवसांत काजूची बोंडे, रातांबे (कोकमाची फळे), कलिंगडे, अननस आणि आंबे एकामागून एक दारात येतात, तरी आपण बहुधा साखर, मीठ आणि लिंबू यांच्या पुढे जात नाही. म्हणून हे आवाहन. लिंबू सरबतात आपण कोणते फळ घालता, ते कच्चे घालता की शिजवून, लिंबू केव्हा पिळता आणि ते सरबत किती टिकते, हे सविस्तर लिहावे.

माझे मत आधीच सांगते. फळांच्या लिंबू सरबतात लिंबाने फळाला पुढे करावे, त्याला झाकून टाकू नये. आणि हे साधण्यासाठी प्रत्येक फळाची लिंबाशी गाठ वेगळ्या टप्प्यावर घालावी लागते. एकच कृती सगळ्या फळांना लावली की सगळ्या सरबतांची चव एकसारखीच आंबटगोड होते.

फोंड्याहून, पायाभूत सरबताविषयी

आरंभ मीच करते. लिंबाचा खरा सुगंध रसापेक्षा सालीतल्या तेलात असतो. चार मध्यम कागदी लिंबे स्वच्छ धुऊन, पुसून त्यांची फक्त वरची हिरवी-पिवळी साल धारदार सुरीने पातळ काढते. खालचा पांढरा भाग कडू असल्यामुळे तो येऊ देत नाही. ही साल पाऊण वाटी साखरेत घालून बोटांनी चोळायची. पहिल्या दोन-तीन मिनिटांत साखर नुसती कोरडी सरकत राहते, मग हळूहळू बोटांना चिकटू लागते, तिचा रंग फिकट पिवळसर होतो आणि वास स्वयंपाकघरातून माजघरापर्यंत जातो. तासभर झाकून ठेवली की साखर ओली झालेली दिसते. त्यावर वाटीभर गरम पाणी ओतून साखर विरघळवायची, गाळून साल काढून टाकायची आणि पाक पूर्ण गार झाल्यावरच लिंबाचा रस घालायचा. गरम पाकात रस घातला तर त्याचा ताजा वास उडतो आणि क जीवनसत्त्वही कमी होते. फळाचा रस आणि पाणी मिळून एकूण एक लिटर सरबत होईल, अशा बेताने पुढचे मिश्रण करायचे.

अख्खे लिंबू बियांसकट मिक्सरला लावण्याची पद्धत अलीकडे दिसते. ती मला मान्य नाही. तसे सरबत ताजे असताना बरे लागते, पण बिया आणि पांढऱ्या सालीचा कडवटपणा अर्ध्या तासात त्यात पूर्ण उतरतो. गोडीचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. फार थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते आणि बर्फ विरघळून पाणीही वाढते, म्हणून साध्या तापमानाला चव घेताना सरबत किंचित जास्त गोड आणि किंचित जास्त आंबट लागले पाहिजे.

सत्तरीहून, काजूच्या बोंडांविषयी

आमच्या भागात मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत सगळे घर काजूच्या बागेत असते. बी वेगळी काढायची आणि बोंडे कोळंबीत, म्हणजे तुडवण्यासाठी केलेल्या कुंडीत, तुडवायची, हा रोजचा क्रम. तो रस हुर्राक (एकदाच गाळलेली हलकी दारू) आणि फेणीसाठी भट्टीकडे जातो. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु त्याच बोंडापासून मुलाबाळांनाही देता येईल असे पेय होते, याची चर्चा फारशी होत नाही, हे मला मनापासून खटकते. तुडवून झालेला चोथा वजनाखाली ठेवला की रात्रभर थेंबथेंब झिरपणारा नितळ रस म्हणजे निरो. तो पहाटे प्यावा; ऊन चढले की त्याला फेस येऊ लागतो आणि चव बदलते.

ज्यांच्याकडे कोळंबी नाही त्यांनी घरी पुढीलप्रमाणे करावे. सकाळी खाली पडलेली, डाग नसलेली, घट्ट बोंडे निवडावीत. बी हातात धरून बोंड हलकेच पिळले की ती अलगद सुटते. सुरी लावू नये, कारण टरफल चिरले तर त्यातले तेल कातडी भाजते आणि रसात उतरले तर सगळा रस वाया जातो. बोंडे धुऊन सुती फडक्यात घालून हाताने पिळावीत. जुने कपडे घालूनच हे काम करावे, कारण बोंडाचा डाग कापडावरून जात नाही.

हा रस तसाच प्यायला तर घसा आवळल्यासारखा होतो. तो त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा गुण. यावर आमच्या घरातला जुना उपाय पेजेचा आहे. उकड्या तांदळाच्या पेजेचे वरचे पातळ, गार झालेले पाणी गाळून घ्यावे आणि लिटरभर रसाला साधारण अर्धी वाटी या प्रमाणात ढवळून घालावे. पातेले हलवू नये. दोन-तीन तासांत पेजेतला स्टार्च टॅनिनला धरून तळाशी बसतो, मळकट पांढरा थर स्पष्ट दिसतो आणि वर फिकट सोनेरी रस राहतो. तो न ढवळता दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावा. उन्हाचा जोर असेल तर पातेले फ्रिजमध्ये ठेवूनच हे करावे, नाहीतर निवळेपर्यंत रस आंबू लागतो. मग चिमूटभर मीठ आणि लिटरला दोनच लिंबे. बोंडाची स्वतःची गोडी पुष्कळ असते, त्यामुळे साखर मी बहुधा घालत नाही. क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा या बोंडात कितीतरी अधिक असते, आणि तरीही ते झाडाखाली कुजते. हे सरबत मात्र त्याच दिवशी संपवावे.

म्हापशाहून, कलिंगडाविषयी

आमच्या शुक्रवारच्या बाजारात पर्र्याची कलिंगडे आली की दुसरे फळ बघवत नाही. कलिंगडाला काहीही करू नये, इतकेच सांगते. फोडी हाताने कुस्करून चाळणीतून गाळाव्यात. मिक्सर फिरवल्यास बिया फुटून रसाला उग्र चव येते आणि वर फेसही जमतो. साखर नको, पाकही नको. लिंबू पेल्यात, पिण्याच्या क्षणी पिळावे आणि वर दोन मिऱ्यांची ताजी पूड घालावी. आधी लिंबू घालून ठेवलेला कलिंगडाचा रस तासाभरात चोथा आणि पाणी असा फाटल्यासारखा दिसतो.

काणकोणहून, अननसाविषयी

रामनवमीला देवळात मिळणाऱ्या पानकाची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना हे सरबत ओळखीचे वाटेल. पानकात गूळ, सुंठ, वेलची आणि लिंबू असते. मी त्याच वाटेने अननसाचे सरबत करतो, आणि त्यात अननसाची साल टाकून देत नाही. अननस ब्रशने घासून धुवावा, साल जाडसर काढावी आणि ती साल, मधला कडक दांडा, आल्याचा ठेचलेला तुकडा व दोन लवंगा लिटरभर पाण्यात वीस मिनिटे मंद आचेवर उकळावे. पाण्याला मधासारखा रंग येतो आणि फळाचा सगळा गंध त्यात उतरतो. कच्च्या अननसाने जीभ चुणचुणते, ते त्यातल्या ब्रोमेलेन या द्रव्यामुळे. उकळल्यावर त्याचा जोर राहत नाही, म्हणून लहान मुलेही हे आनंदाने पितात.

फोंड्याच्या ताईंनी साखर सांगितली आहे. येथे मात्र मी आदरपूर्वक वेगळे मत नोंदवतो. अननसाला माडाचा गूळच शोभतो. गूळ गरम पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळावा, कारण त्यात थोडा कचरा असतोच. पूर्ण गार झाल्यावर तीन लिंबे पिळावीत आणि गराचे अगदी बारीक तुकडे वरून सोडावेत. तांब्यापितळेच्या भांड्यात हे आंबट सरबत ठेवू नये. स्टील, काच किंवा चिनी मातीचे भांडे घ्यावे.

मडगावहून, रातांब्याविषयी

मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी सुरू झाली की आमच्याकडे सोलांची (वाळवलेल्या कोकमांची) आणि आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) गडबड असते. त्यातलेच थोडे ताजे रातांबे मी बाजूला काढते. बिया काढून टाकून लाल साली आणि साखर यांचे थर काचेच्या बरणीत भरते आणि बरणी उन्हात ठेवते. काही दिवसांत साखर विरघळून गडद लाल पाक होतो. आमच्या सासूबाईंचे म्हणणे असे की रातांबा स्वतःच एवढा आंबट असताना त्यात लिंबू कशाला. ते मला पटते. तथापि ताईंनी सांगितलेली सालीची साखर वाचल्यावर वाटले की येथे लिंबाचा रस वगळून फक्त त्याची साल घ्यावी. तसे करून पाहिले. बरणीत साध्या साखरेऐवजी लिंबाच्या सालीने चोळलेली साखर घातली. आंबटपणा सगळा रातांब्याचा आणि वरचा गंध लिंबाचा, असे सरबत झाले, आणि सासूबाईंनी दुसरा पेला मागून घेतला. चार चमचे पाक, पेलाभर गार पाणी आणि जिऱ्याची पूड, एवढे पुरे.

पेडण्याहून

मानकुराद आंब्याचे हंगामाच्या आरंभीचे दर पाहता त्याचे सरबत करणे जिवावर येते. मेच्या उत्तरार्धात दर उतरतात आणि फार पिकलेली फळे घरात साठतात, तेव्हा करावे. रस दाट असतो, म्हणून दुप्पट-तिप्पट पाणी लागते. एका फळाला एक लिंबू आणि आगरातल्या जाड मिठाचा एक खडा. आंब्याला मीठ थोडे जास्तच लागते, एवढेच माझे सांगणे.

पणजीहून, प्रकृतीविषयी

अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले असल्यामुळे काही गोष्टी लिहिणे कर्तव्य समजते. परसातल्या बिंबलीचा आंबट रस लिंबाऐवजी घालण्याची कल्पना चांगली वाटते. परंतु बिंबलीत ऑक्झॅलेटचे प्रमाण फार असते आणि तिचा दाट रस पेलाभर प्यायल्याने मूत्रपिंडे एकाएकी निकामी झाल्याच्या घटना केरळातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. हुमणात (माशाच्या आमटीत) चार बिंबल्या पडणे वेगळे आणि तिचा रस पिणे वेगळे. कमरखाचे (स्टारफ्रूटचे) सरबतही मूत्रपिंडाच्या रुग्णाला कधीही देऊ नये. त्यातल्या विषारी द्रव्याने अशा रुग्णाला सतत उचकी लागणे, भान हरपणे, झटके येणे असे प्रकार होतात.

दुसरे म्हणजे मधुमेह असलेल्यांनी "साखर घातलेली नाही" यावर विसंबू नये. फळाच्या रसातली साखर ही साखरच असते. आणि उलट्या-जुलाबाने थकलेल्या माणसाला यांतले कोणतेही सरबत औषध म्हणून देऊ नये. त्याला जलसंजीवनीच द्यावी. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, हेच प्रमाण पाळावे.

वास्कोहून एक प्रश्न, आणि फोंड्याहून उत्तर

आम्ही दोघेही नोकरी करतो. रोज एवढे करणे शक्य होत नाही. आठवडाभर पुरेल असे काय करून ठेवता येईल?

आपला प्रश्न रास्त आहे. तयार सरबत साठवू नये, त्याचे घटक साठवावेत. उन्हाळा तापला की लिंबे महाग आणि कोरडी होतात, म्हणून ती स्वस्त असतानाच रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा आणि खडे घट्ट डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत. आंब्याचा आणि अननसाचा गरही असाच गोठवता येतो. सालीच्या साखरेचा दाट पाक फ्रिजमध्ये दोन आठवडे उत्तम राहतो. लिंबे कोरडी निघाली तर दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून तळहाताखाली दाबून फिरवावीत, रस जास्त सुटतो. काजूच्या बोंडाचा रस मात्र घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नये. तो आंबताना वायू होतो आणि काचेची बाटली फुटू शकते.

सांगे-केप्याकडून अद्याप कोणी लिहिलेले नाही. तिकडच्या रानात आता करवंदे पिकली असतील. त्यांचा चीक सरबतात उतरू नये म्हणून आपण ती मिठाच्या पाण्यात ठेवता की आधी उकळून घेता, हे तिकडच्या मंडळींनी अवश्य लिहावे.