‘निर्मूलन’ की ‘दुरीकरण’? आणि बऱ्या झालेल्या माणसाला काय म्हणावे?

गोदाकाठ (देगलूर) :
येत्या ३० जानेवारीच्या ग्रामसभेत वाचण्यासाठी मी कुष्ठरोगाविषयीच्या एका इंग्रजी माहितीपत्रकाचा अनुवाद करीत आहे. त्यात एकाच परिच्छेदात ‘कंट्रोल’, ‘एलिमिनेशन’ आणि ‘इरॅडिकेशन’ असे तीन शब्द आले आहेत. पहिल्याला ‘नियंत्रण’ चालते. पुढच्या दोन्हींना मी ‘निर्मूलन’ लिहिले आणि वाक्याचा अर्थच हरवला. जागतिक आरोग्य सभेने १९९१ मध्ये ठरवलेले एलिमिनेशन म्हणजे नोंदीतील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाच्या खाली आणणे. भारताने राष्ट्रीय पातळीवर ते २००५ च्या अखेरीस गाठले. देवीच्या रोगाप्रमाणे समूळ नाहीसे होणे, म्हणजे इरॅडिकेशन, ही निराळी गोष्ट आहे, आणि जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात सापडतात. आमच्या गावात गेल्या पावसाळ्यात आशाताईंना एका मुलाच्या पाठीवर बधिर चट्टा आढळला, तेव्हा त्याचे वडील म्हणाले, “हा रोग तर संपला म्हणून सांगितलं होतं ना?” त्यांचे काही चुकले नव्हते. आपल्या शब्दानेच त्यांना तसे सांगितले होते.

मोडीवाचक (छत्रपती संभाजीनगर) :
आरोग्य खात्याच्या मराठी कागदपत्रांत ‘एलिमिनेशन’साठी ‘दुरीकरण’ हा शब्द रूढ आहे. हत्तीरोगाच्या बाबतीतही तोच दिसतो. तो ‘दूरीकरण’ असा दीर्घ लिहिला पाहिजे, कारण मूळ ‘दूर’ आहे आणि ‘शुद्धीकरण’, ‘एकीकरण’ यांच्यासारखीच ही घडण आहे. छापील फलकांवर ऱ्हस्व ‘दु’ पाहून वाईट वाटते. ‘इरॅडिकेशन’साठी ‘निर्मूलन’ राखून ठेवावे, कारण दोन्ही शब्दांच्या पोटात मूळ उपटणे हाच अर्थ आहे.

निवृत्त शिक्षिका (परभणी) :
व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु या रोगापुरता ‘दूरीकरण’ हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या शिवाराच्या टोकाला एक गृहस्थ एकटे राहत असत. माझी आत्या त्यांना भाकरी द्यायला जाई, तेव्हा ती वरून टाके आणि पाणी ओंजळीत ओते. गावाने त्यांचे दूरीकरणच केले होते. आज गोळ्यांची पाकिटे आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोगी बरा होतो. त्या काळी त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचले नाही. रोगाला दूर करणे आणि रोग्याला दूर करणे यांतला फरक ग्रामसभेतल्या श्रोत्याला एका शब्दावरून कसा कळावा?

बिलोलीकर :
आमच्या सीमेवर या रोगाला तीन भाषांतली नावे आहेत. तेलुगू शेजारी ‘पेद्द रोगम्’, म्हणजे मोठा रोग, असे म्हणत. निजामी अमलातील उर्दू कागदांत ‘जुजाम’ असे. आणि आमची आजी ‘रक्तपिती’ म्हणे. खरा घोटाळा हिंदीमुळे होतो. हिंदीतला ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग, तर आपले ‘कोड’ म्हणजे त्वचेवरचे पांढरे डाग, ज्यांचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. दोन्ही शब्द संस्कृत ‘कुष्ठ’पासूनच आले आहेत. हिंदी फलकाचा अनुवाद करताना कोणीतरी ‘कोड’ असेच ठेवले आणि आमच्या नात्यातील एका मुलीचे ठरलेले लग्न मोडले. माझे पणजोबा उपचारासाठी रेल्वेने निजामाबादजवळच्या डिचपल्लीला जात, जिथे इझाबेल केर या डॉक्टर मिशनरी बाईंनी १९१५ मध्ये दवाखाना सुरू केला होता. तिथे कडू कवठीच्या तेलाची सुई टोचत आणि ती फार दुखे, एवढेच घरात सांगितले जाई. रोगाचे नाव कोणी उच्चारत नसे.

मोडीवाचक :
‘पेद्द रोगम्’ वाचून आनंद झाला, कारण आपला ‘महारोग’ हा शब्द नेमका तसाच आहे. आयुर्वेदातील आठ महागदांत, म्हणजे मोठ्या रोगांत, कुष्ठाची गणना होते. म्हणजे ‘महा’ हे रोगाचे गांभीर्य सांगते, त्यात रोग्याची निंदा नाही. वरोऱ्याच्या आनंदवनाची संस्थाही ‘महारोगी सेवा समिती’ याच नावाने उभी राहिली. असा अर्थपूर्ण शब्द केवळ परदेशी परिषदांच्या सांगण्यावरून टाकून देणे मला पटत नाही.

निवृत्त शिक्षिका :
सर, शब्दाचा अर्थ कोशात एक असतो आणि पाणवठ्यावर दुसरा. ‘महारोग्या’ ही शिवी मी शाळेच्या मैदानावर ऐकली आहे. हवाना येथे १९४८ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘लेपर’ (महारोगी) हा शब्द सोडण्याची शिफारस केली ती याच कारणाने, आणि १८७४ पासून काम करणाऱ्या ‘मिशन टू लेपर्स’ने १९६५ मध्ये आपले नाव बदलून ‘लेप्रसी मिशन’ केले. ज्यांना तो शब्द सोसावा लागतो, त्यांचे म्हणणे व्युत्पत्तीपेक्षा वरचे मानावे.

गोदाकाठ :
याच संदर्भात माझी आणखी एक अडचण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये या रोगावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध ठराव केला, त्यात बरी झालेली माणसे आणि त्यांचे कुटुंबीय यांचाही विचार आहे. ‘कुष्ठरोगी’ किंवा ‘कुष्ठरुग्ण’ म्हटले की बरा झालेला माणूस पुन्हा रोगी ठरतो. ‘कुष्ठबाधित’ लिहिले, तर आमच्याकडे ‘बाधा’ म्हटल्यावर आधी बाहेरची बाधाच आठवते.

औसेकर :
मी ‘कुष्ठग्रस्त’ सुचवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतर नवी घरे मिळाली, पिढी बदलली, तरी आम्ही भूकंपग्रस्त आहोत. भूकंपानंतर जन्मलेल्या माझ्या मुलाकडेही भूकंपग्रस्ताचे प्रमाणपत्र आहे. जायकवाडीच्या धरणग्रस्तांचेही तसेच. मराठवाड्यात ‘ग्रस्त’ हा शब्द दया मागत नाही, हक्क सांगतो, आणि त्यात घरची माणसे आपोआप येतात.

मोडीवाचक :
‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. पंचांगात ग्रहण लागलेला सूर्य ‘ग्रस्त’ असतो, सुटलेला नव्हे. बऱ्या झालेल्याला तो लावणे व्याकरणाला धरून होणार नाही. ‘कुष्ठमुक्त’ का नको?

निवृत्त शिक्षिका :
‘कुष्ठमुक्त’मध्ये आज उपचार घेणारा सुटतो, आणि घरचेही सुटतात. औसेकरांचे म्हणणे मला अधिक जवळचे वाटते, परंतु ज्यांची बोटे झडली आहेत त्यांना ‘गिळलेला’ हा अर्थ टोचेल की नाही, हे त्यांनाच विचारले पाहिजे.

गोदाकाठ :
उद्या तसे विचारून येतो. गावात असे दोघे आहेत. तूर्त मसुद्यात ‘कुष्ठरोगातून बरे झालेले, उपचार घेणारे आणि त्यांचे घरचे’ असे लांबलचक लिहिले आहे. ‘एलिमिनेशन’ची जागा मात्र अजून कोरीच आहे, आणि ग्रामसभेला चार दिवस उरले आहेत.