मदत हवी आहे : एकांकिका ५५ मिनिटं भरतेय, मर्यादा ४० ची. काय कापू?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या ग्रुपसाठी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची एकांकिका लिहिते आहे. पथनाट्यं लिहिली आहेत, रंगमंचासाठी मात्र पहिल्यांदाच. परवा सगळ्यांनी बसून वाचन केलं तर ५५ मिनिटं लागली, आणि स्पर्धेची मर्यादा ४० आहे. दिग्दर्शक म्हणतो, "भराभर बोलू." मला ते पटत नाही.

कथासूत्र असं : अतिवृष्टीची रात्र, मातीचं धरण, पाणी काठोकाठ. नियंत्रण कक्षात शाखा अभियंता आणि गेट ऑपरेटर. दरवाजे उघडले नाहीत तर धरणाला धोका, उघडले तर खालच्या गावात पाणी. गाव रिकामं केलंय, पण एक म्हातारा घर सोडायला तयार नाही. त्याची मुलगी भिजत धरणावर येते आणि म्हणते, तासभर थांबा. ती आणि अभियंता शाळेत एका वर्गात होते. (प्रेमकथा नाही. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ती व्हायला हवी आहे, हा भाग वेगळा.)

सध्या सात प्रवेश आहेत : नियंत्रण कक्ष, म्हाताऱ्याचं घर, शाळेतला फ्लॅशबॅक, वरच्या अधिकाऱ्यांची बैठक, पुन्हा नियंत्रण कक्ष, नदीकाठ, दुसऱ्या दिवशीची सकाळ. शेवटी अभियंता कळ दाबतो, भोंगा वाजतो, ब्लॅकआउट.

कुठे हात घालू? शेवट फार ठरलेला वाटतोय का? शिवाय म्हातारा घर सोडत नाही ही कल्पना एका मासिकातल्या कथेवरून सुचली आहे, बाकी सगळं माझं. नियमात "स्वतंत्र संहिता" लिहिलंय. चालेल ना? आणि परीक्षकांना नेमकं काय हवं असतं, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

विंगेतून

दिग्दर्शकाला सांग, भराभर बोलून पाच मिनिटं वाचतील आणि नाटक जाईल. शिवाय ५५ हे नुसत्या वाचनाचे आहेत. त्यात हालचाली, संगीत, थांबे आणि सहा ब्लॅकआउट मिळव. अंधारात टेबल उचलून खाट लावायला अर्धा मिनिट सहज जातो आणि तेवढ्यात प्रेक्षक मोबाइल काढतो. म्हणजे तुझी एकांकिका तासाच्या पुढे आहे.

आता काय कापायचं. संवादांना हात लावू नकोस, आधी जागा काप. सातही प्रवेशांतलं महत्त्वाचं नियंत्रण कक्षातच घडू शकतं. बैठकीचा प्रवेश बघ : चार अधिकारी, चार खुर्च्या, चार नट. त्याऐवजी एक फोन ठेव, ज्यात आपल्याला फक्त अभियंत्याची बाजू ऐकू येते.

"हो सर... नाही सर, मोजूनच सांगतोय... हे लेखी मिळेल का सर?... हॅलो? सर?"

झाली बैठक. वरचा माणूस काय म्हणाला असेल ते प्रेक्षक स्वतः भरून घेतो आणि ते तू लिहिलं असतंस त्यापेक्षा वाईटच असतं.

म्हातारा रंगमंचावर आणू नकोस. तो दिसला की त्याची दया येते आणि विषय संपतो. दिसला नाही तर मुलगी सांगते तो म्हातारा, ऑपरेटरला आठवतो तो म्हातारा आणि अभियंत्याच्या यादीतलं एक नाव, असे तीन वेगळे होतात. फ्लॅशबॅक कादंबरीत शोभतो. इथे दोघं वर्गात होते हे एका वाक्यात कळतं : ती त्याला "साहेब" म्हणत येते आणि मध्येच, नकळत, "तू" म्हणते. दुसऱ्या दिवशीची सकाळ तर पूर्ण काढ.

आणखी एक. काही स्पर्धांत प्राथमिक फेरी नेपथ्य आणि प्रकाशयोजनेशिवाय होते. तुझे सात प्रवेश तिथे उघड्या ट्यूबलाइटखाली कसे दिसतील, याचा विचार कर.

बाजूची_खुर्ची

वरच्यांशी निम्मा सहमत. एका खोलीत सगळं कोंबलं की तीन माणसं बसून बोलत राहतात आणि एकांकिकेची टीव्ही मालिका होते. स्पर्धेत अशा कितीतरी बघितल्यात : सोफा, टीपॉय, भांडण, रडणं, पडदा. जागा एक ठेवायची तर हातांना काम दे. धरणावर ठरावीक वेळाने पाण्याची पातळी वाचून लिहीत असतील ना? मग ते वाचन वाद ऐन रंगात असताना येऊ दे. ती वडिलांबद्दल बोलतेय आणि ऑपरेटरला उठून बॅटरी घेऊन बाहेर जावंच लागतं. तो परत येतो आणि आकडा सांगतो. दर वेळी आकडा वाढलेला. घड्याळ वेगळं दाखवायची गरजच नाही.

फ्लॅशबॅक मात्र चांगला लिहिला असेल तर लगेच फेकू नकोस, बाजूला ठेव. दुसऱ्या एकांकिकेत लागेल.

खात्यातला_माणूस

नाटकातलं मला कळत नाही, पाण्यातलं थोडं कळतं. मोठ्या धरणावर शाखा अभियंता रात्री एकटा ठरवून कळ दाबतो, असं होत नाही. दरवाजे कसे आणि किती उचलायचे याचं वेळापत्रक आधी ठरलेलं असतं, वरून आदेश येतो. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात. दरवाजे आधी फूटभर उचलायचे, मग आणखी. त्याआधी खालच्या गावांना सूचना जाते, भोंगा वाजतो. तुमच्या शेवटी कळ आधी आणि भोंगा नंतर आहे. तो क्रम उलटा करा.

मातीच्या धरणाचं तुम्ही बरोबर घेतलंय. पाणी माथ्यावरून गेलं की भराव वाहून जायला लागतो, मग हातात काही राहत नाही. त्यामुळे "उघडायचे की नाही" हा प्रश्नच नसतो, उघडावे लागतात. खरी ओढाताण कधी उघडायचे याची असते आणि नंतर चौकशीत ती निघते नोंदवहीतून. आदेश किती वाजता आला, कुणी घेतला, दरवाजा किती वाजता उचलला, खाली सही. तोंडी आदेश आला आणि लेखी आलाच नाही, तर त्या रकान्यात काय लिहायचं?

विंगेतून

वरच्या प्रतिसादात तुझा शेवट बसलाय बघ. कळ विसर. दरवाजे उघडणारच आहेत हे प्रेक्षकाला मध्यावरच कळू दे. प्रश्न असा ठेव की वहीत वेळ कोणती पडणार आणि सही कुणाची. मुलगी तासभर मागते आहे, तिला अर्धा तास दिला तर तो अर्धा तास कुठेतरी लपवावा लागेल. आणि वही ऑपरेटरच्या हातात आहे! आतापर्यंत तो नुसता चहा देणारा असेल तर आता तो तिसरा खरा माणूस झाला.

जुनी_फाईल

नियमांचं सांगतो, कारण त्याकडे ऐनवेळी लक्ष जातं.

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडली कशी यावर असतो. घर न सोडणारा म्हातारा कुणाच्या मालकीचा नाही. पण त्या कथेतले प्रसंग, त्यांचा क्रम, संवाद किंवा शेवट आला असेल तर ते रूपांतर ठरतं. मग लेखकाची लेखी परवानगी घे आणि "कथेवर आधारित" असं स्पष्ट लिही. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. कॉलेजातल्या प्रयोगाला सूट असते हे खरं, पण ती विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसांपुरती. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोरच्या स्पर्धेला ती लावू नकोस. संहिता "स्वतंत्र" म्हणून पाठवायची असेल तर ती कथा पुन्हा काढून वाच आणि जे जे तिथलं आहे ते काढ.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आपण ज्याला सेन्सॉर म्हणतो ते. संहिता पक्की झाल्याशिवाय पाठवता येत नाही, आणि तालमीत रोज नवा शेवट सुचत असतो. एक तारीख ठरवा, त्यानंतर पेन बंद.

परीक्षकांचं म्हणशील तर आधी स्पर्धा कोणती ते बघ. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक भरवते, तिथे लेखन, दिग्दर्शन, अभिनय यांवर भर. फिरोदिया करंडक या दुसऱ्या स्पर्धेत नाटकाबरोबर संगीत, नृत्य, चित्रकला अशा कला रंगमंचावर आणाव्या लागतात, तिथे तीन माणसं आणि एक वही पुरणार नाही. परीक्षकांना आवडेल असं लिहायच्या भानगडीत पडू नकोस. २०२२ च्या पुरुषोत्तममध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. अंदाज बांधायचा तरी कशावर?

तिसरी_घंटा

सगळ्यांचे आभार. काल रात्री बैठक आणि नदीकाठ काढले, फोन घातला. खात्यातले दादा, दोन शंका : पातळी तासातासाला वाचतात की पाऊस जास्त असताना लवकर? आणि ऑपरेटर वहीत स्वतःच्या अक्षरात लिहितो का? मला त्याचं अक्षर चांगलं असायला हवं आहे, अभियंता त्यावरून त्याला चिडवत असतो.

एक अडचण उरली. बैठक गेल्यामुळे ग्रुपमधल्या चार जणांचं काम गेलं आणि ते माझ्याशी बोलत नाहीयेत.

खात्यातला_माणूस

पूर असताना दर तासाला तर वाचतातच, पाणी झपाट्याने चढत असेल तर त्याहून लवकर. नोंद ड्युटीवरचा माणूस स्वतः लिहितो. अक्षर चांगलं ठेवा, खाडाखोड दिसली की लगेच डोळ्यात भरेल.

बाजूची_खुर्ची

चार जणांसाठी प्रवेश वाढवू नकोस. पाऊस, भोंगा, वायरलेसवरचे आवाज आणि दारावरची थाप हे सगळं विंगेतून जिवंत करता येतं. ते त्यांच्याकडे दे. रेकॉर्डेड आवाजापेक्षा ते नटांच्या श्वासाशी जुळतं. ज्यांना तेही नको असेल ते तसेही ऐन स्पर्धेच्या आठवड्यात तालमीला आले नसते.

आणि नवा मसुदा झाला की प्रवेशांचा क्रम इथे टाक. संवाद टाकू नकोस, स्पर्धा होईपर्यंत संहिता ग्रुपबाहेर जाऊ देऊ नये.