प्र: आन्यो नुएव्हो बेटावर ऑकलेट या समुद्री पक्ष्याच्या घरट्यांसाठी लाकडी पेट्या जमिनीत का पुरत नाहीत?

वर विचारलंय की ऑकलेटसाठी साध्या लाकडी पेट्या पुरल्या तर काय बिघडतं. कॅलिफोर्नियातल्या या बेटावर मुख्य अडचण जमिनीची आहे. ऱ्हायनोसेरस ऑकलेट बीळ खणतो, वर्षाला एकच अंडं घालतो आणि पिल्लाला रात्री मासे आणून देतो. पण इथली माती भुसभुशीत. सी लायन (सीलसारखे मोठे समुद्री प्राणी) चढून आले की झाडोरा तुडवला जातो, मुळांची पकड सुटते, वारा माती उडवतो आणि बीळ उघडं पडतं किंवा ढासळतं. म्हणजे अंडं गेलं, की त्या जोडीचं वर्ष बहुधा वायाच.

लाकूड खारट दमटपणात कुजतं आणि वजनाखाली चेपतं. म्हणून भाजलेल्या मातीची घरटी पुरली गेली: वाकडा बोगदा, आत अंधारी खोली, वर तपासणीचं झाकण. बोगदा सरळ ठेवला तर उजेड थेट अंड्यापर्यंत जातो. मातीचा थर उडाला तर खोली तापते, त्यामुळे नुसती घरटी पुरून भागत नाही. सी लायनना अडवायला ओंडक्यांचा बांध आणि माती धरायला स्थानिक गवत हवंच. माझ्या मते खरं काम गवतच करतं.

आणि एलिफंट सील, म्हणजे सोंडेसारख्या नाकाचे अवाढव्य सील, ते माती तुडवत नाहीत? ते 1955 मध्ये या बेटावर पहिल्यांदा दिसले, पहिलं पिल्लू 1961 चं. दोन टनांचा नर असला तरी तो मुख्यतः वाळूवरच लोळतो. वर चढण्यात सी लायन जास्त पटाईत.

तपासणी करताना उबवणीच्या सुरुवातीला झाकण उघडू नये, पक्षी अंडं सोडून जाऊ शकतो.